दीर्घिका बघायच्यात? खर्चाचा हिशोब

खोक्यावर ‘६७५ पट मोठं दिसतं’ असं छापलेली सात-आठ हजारांची दुर्बीण घेऊ नका. दीर्घिकांची अडचण लहान आकाराची नाही, अंधुकपणाची आहे. म्हणून पैसे मोजायचे ते आरशाच्या व्यासाचे. ८ इंची आरसा ५ इंचीच्या अडीचपट प्रकाश गोळा करतो.

पहिली दीर्घिका फुकट आहे. नोव्हेंबरच्या अमावस्येला गावाबाहेरच्या काळोखात देवयानीतली एम ३१ नुसत्या डोळ्यांनी दिसते, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असूनही. १०×५० बायनॉक्युलर साधारण ८ ते १२ हजारांत मिळतो. त्यात ती लांबट दिसते.

खरी खरेदी म्हणजे ८ इंची डॉबसोनियन दुर्बीण. आजचा ढोबळ भाव ५५ ते ७५ हजार. ६ इंची ३५ ते ४५ हजारांत. मोटार नाही, हातानं फिरवायची. नळी चार फुटी, सगळं मिळून वीसेक किलो. लिफ्ट नसेल तर आधी जिना मोजा. मार्चमध्ये सप्तर्षीकडे वळवा. २५ मिमी आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका एकाच वेळी दिसतात: एक अंडाकृती धूसर ठिपका, शेजारी विडीएवढी राखाडी रेघ. रंग नाही. थेट न बघता जरा बाजूला नजर ठेवा, रेघ ठळक होते. फोटोतलं दृश्य हवं असेल तर पोस्टर घ्या, स्वस्त पडेल.

ही दुर्बीण पुण्या-मुंबईच्या गच्चीवर ठेवलीत तर पैसे बुडाले. दुकानदार ‘शहरासाठी’ फिल्टर गळ्यात मारतो. तो काही तेजोमेघांना उपयोगी, पण दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांचा, तोही त्यात गाळला जातो. ती रक्कम पेट्रोलला ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलेलं पेंच आपल्याच राज्यात आहे. पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. बुरशी लागलेली काच दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणं परवडतं.

नवं काही शोधायचंच असेल तर दुर्बीण लागत नाही. गॅलेक्सी झू या संकेतस्थळावर दीर्घिकांचे फोटो तपासताना हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला २००७ मध्ये एक अनोळखी तेजस्वी ढग सापडला. सहभाग मोफत आहे.

आणि खरेदीआधी एक रात्र पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या किंवा मुंबईच्या खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला काढा. दुसऱ्याच्या दुर्बिणीत एम ८२ सापडली नाही, तर ७५ हजार वाचले.