परसातील मधपेटी : घरच्या माणसांसाठी एक पाठ

पाठाचा उद्देश : घरातील एखादी व्यक्ती मधमाश्या पाळू लागली असता इतरांनी काय समजून घ्यावे व कोणता वाटा उचलावा, याचा विचार करणे.

१. हा एकट्याचा छंद नव्हे

कोंबड्या पाळल्या तर त्या संध्याकाळी खुराड्यात जातात, गाय दावणीला बांधता येते. मधमाशीला मात्र कुंपण नाही. ती वाळत घातलेल्या कपड्यांवरून आणि शेजाऱ्यांच्या अंगणातून ये-जा करते. म्हणून घरात एकाने पेटी आणली की तिचा संबंध सर्वांशी येतो.

बेळगावच्या आमच्या घरी आत्याबाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर पेटी आणण्याचे ठरविले, तेव्हा घरात दोन पक्ष पडले. धाकट्या भावजयीला तान्ह्या मुलाची काळजी वाटत होती, तर भाऊ मधाच्या विक्रीचे हिशेब मांडू लागला होता. भीती आणि लोभ या दोन्हींचे उत्तर एकच : आधी माशीची ओळख करून घ्यावी.

२. कोणती माशी पाळावी?

आग्या माशी मोठी व तापट असते. ती उंच झाडावर किंवा कड्यावर उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते व पेटीत राहत नाही. फुलोरी माशी झुडपात लहानसे पोळे करते, तीही पेटीत नांदत नाही. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा वारुळात, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. अंधाराची सवय असल्यामुळेच ती पेटीत राहू शकते. युरोपीय माशी मध अधिक देते, पण तिला फुलोराही अधिक लागतो, आणि तो संपला की पेट्या दुसरीकडे हलवाव्या लागतात. घराच्या परसाला सातेरीच बरी.

३. एका पाळकाचा शोध

चौकटींच्या आधुनिक पेटीचा शोध एका पाळकाने लावला, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. लोरेन्झो लँगस्ट्रॉथ (१८१०-१८९५) हे अमेरिकेतील काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. त्यांना उदासीनतेचे झटके येत व हाती घेतलेली सेवा सोडावी लागे. माश्यांच्या सहवासात त्यांना विसावा मिळे.

त्या काळी माश्या पोळी पेटीच्या भिंतींना चिकटवीत. मध काढायचा तर पोळे कापावे लागे. १८५१ साली लँगस्ट्रॉथ यांनी ओळखले की, सुमारे ३/८ इंच जागा मोकळी ठेवली तर माश्या ती बुजवीत नाहीत. जागा याहून अरुंद असली तर त्या डिंकासारख्या पदार्थाने ती लिंपून टाकतात, रुंद असली तर तेथे पोळे बांधतात. तेवढीच ठेवली तर तिचा जाण्या-येण्याचा रस्ता करतात. हे अंतर राखून चौकटी टांगल्या की त्या अलगद उचलता येतात व परत ठेवता येतात. १८५२ साली त्यांना पेटंट मिळाले, पण इतरांनी नक्कल केल्यामुळे पैसा फारसा हाती आला नाही. १८९५ साली डेटन येथील उपासनामंदिरात, व्यासपीठावर असतानाच त्यांना मरण आले.

आपल्या देशात १९१० च्या सुमारास त्रिचनापल्लीकडील जेझुइट धर्मगुरू न्यूटन यांनी देशी माशीच्या बेताची लहान पेटी तयार करून लोकांना शिकविली. पुढे मार्तंडम येथील वाय.एम.सी.ए.च्या ग्रामसुधार केंद्रानेही शेतकऱ्यांमध्ये या धंद्याचा प्रसार केला.

४. घेणे आणि ठेवणे

सातेरी माशीवर कोणाची मालकी चालत नाही. उपासमार झाली, मुंग्या किंवा मेणकिडा शिरला, ऊन असह्य झाले किंवा पेटी वारंवार उघडली, तर सगळी वसाहत राणीसह निघून जाते. माश्या मध साठवितात तो आपल्यासाठी नव्हे, तर फुले नसलेल्या दिवसांसाठी. आपल्या भागातील जून ते सप्टेंबरचा पाऊस हे त्यांचे दुष्काळाचे दिवस. त्या वेळी साखरेचा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. उघड्यावर ठेवल्यास दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

मध काढायचा तो वरच्या कप्प्यातला, आणि ज्या घरांवर मेणाचे झाकण बसले आहे तेवढाच. खालच्या कप्प्यात अंडी, अळ्या व माश्यांची शिदोरी असते, तिला हात लावू नये.

आत्याबाईंनी पहिल्या वर्षी मध काढलाच नाही. “एवढा खर्च करून वाटीभरही मध नाही!” असे घरात बोलणे झाले. त्या म्हणाल्या, “अरे, भाडेकरू येऊन चार महिने झाले नाहीत, तोच घरभाडे कसे मागू?” त्याच मोसमात ओळखीच्या एका गृहस्थांनी खालच्या पोळ्यांतलाही मध पिळून घेतला. श्रावणात त्यांची पेटी रिकामी झाली. आत्याबाईंची वसाहत टिकली आणि पुढच्या उन्हाळ्यात, जांभळीचा मोहोर सरल्यावर, अडीच किलो मध मिळाला.

मध बेताने खावा, असा सल्ला नीतिसूत्रे २५:१६ मध्ये आहे. पेटी बाळगणाऱ्याने तो काढतानाही पाळावा.

५. घरच्यांची कामे

(अ) पेटी आणण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगावे. पेटीचे दार वाटेकडे किंवा खेळण्याच्या जागेकडे नसावे.

(आ) पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाट्या रोज भरणे हे काम मुलांना देता येईल, मात्र मोठ्यांच्या देखत.

(इ) परसात फुलांवर कीटकनाशक मारू नये.

(ई) डंख झाल्यास काटा ताबडतोब काढावा. तोंड सुजणे, श्वास अडणे, घेरी येणे अशी लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

(उ) एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यात क्वचित असणाऱ्या जंतूंमुळे तान्ह्या मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. आमच्या घरी यावर वडीलधाऱ्यांची समजूत घालावी लागली, पण ती पटली.

(ऊ) शिकल्यावाचून पेटी आणू नये. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तसेच महाबळेश्वर येथेही प्रशिक्षण मिळते.

६. विचार

घरातील माणसाने उतारवयात नवे काम हाती घेतले की आपण एक तर त्यात सारखे डोकावतो, नाही तर पाठ फिरवितो. लँगस्ट्रॉथ यांच्या मोजक्या अंतराचा विचार येथेही करता येईल. आत्याबाईंना पेटी उघडताना सल्ला नको असे, परंतु चौकट धरायला दुसरा हात हवा असे. तो देणे हेच घरच्यांचे काम.

चर्चेसाठी प्रश्न

१. माशी पेटी सोडून का जाते? तीन कारणे सांगा.
२. पहिल्या वर्षी मध न काढण्याने काय साधले?
३. आपल्या घरी कोणी नवे काम आरंभिले आहे काय? त्यांना कोणती मदत हवी, हे आपण त्यांनाच विचारले आहे काय?