आधी परवानगी, मग स्कॅन

संगणकप्रणालीच्या मालकाच्या संमतीने, त्याने आखून दिलेल्या हद्दीत, हल्लेखोराचीच तंत्रे वापरून प्रणालीतील कच्चे दुवे शोधणे याला एथिकल हॅकिंग म्हणतात. हे काम ठरावीक मुदतीत आणि ठरावीक टप्प्यांनी करून शेवटी लेखी अहवाल दिला की ते पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजेच पेनटेस्टिंग होते. पेनटेस्टर आणि गुन्हेगार एकच साधने वापरतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक स्क्रीनकडे पाहून कळत नाही. तो परवानगीच्या कागदावर असतो. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा या कागदाच्याच बाबतीत होते.

प्रस्तुत लेखकाकडूनही ती झाली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याने लॅपटॉपवर काली लिनक्स ही पेनटेस्टिंगची साधने असलेली प्रणाली टाकली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचा निकाल पाहताना, त्याने पानाच्या पत्त्यातील आसनक्रमांक एकाने वाढवून पाहिला. दुसऱ्याच विद्यार्थ्याची गुणपत्रिका जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकासह उघडली. तिथेच थांबून ही गोष्ट कळवायला हवी होती. त्याऐवजी किती जणांची माहिती उघडी आहे हे पाहण्यासाठी त्याने पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या गुणपत्रिका उतरवून घ्यायला सुरुवात केली. विनंत्यांच्या माऱ्याने सर्व्हर बंद पडला. तो परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. सर्व्हरच्या नोंदींवरून माग वसतिगृहापर्यंत आला, लॅपटॉप जमा झाला, वडिलांना गावाहून यावे लागले आणि माफीनामा लिहून द्यावा लागला. पोलिसांत तक्रार झाली नाही, हा प्राचार्यांचा मोठेपणा.

तक्रार झाली असती तर काय घडू शकले असते, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये लिहिलेले आहे. मालकाच्या किंवा प्रणालीच्या प्रमुखाच्या परवानगीवाचून प्रवेश करणे, माहिती उतरवून घेणे आणि सेवा विस्कळीत करणे, या तिन्ही कृती कलम ४३ मध्ये येतात आणि त्यांबद्दल नुकसानभरपाई द्यावी लागते. वरील प्रसंगात तिन्ही एकाच दुपारी घडल्या. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ लागते आणि ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या प्रणालीत शिरण्याचा नुसता प्रयत्नही कलम ७० खाली १० वर्षांपर्यंतच्या कारावासाला पात्र ठरतो. ‘फक्त शिकण्यासाठी केले’ एवढ्याने परवानगीची उणीव भरून निघत नाही.

म्हणून सरावाची जागा स्वतःची असावी. व्हर्च्युअलबॉक्ससारखे मोफत सॉफ्टवेअर घेऊन एकाच लॅपटॉपवर दोन आभासी संगणक उभे करता येतात: एकावर काली लिनक्स, दुसऱ्यावर मुद्दाम कमकुवत ठेवलेले मेटास्प्लॉइटेबल २. दोन्ही ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्कवर ठेवावेत; कमकुवत यंत्र घरच्या वाय-फायला जोडले तर बाहेरच्यालाही त्यातून वाट मिळू शकते. वेब-दोषांसाठी डीव्हीडब्ल्यूए आणि ज्यूस शॉप ही सरावाचीच ॲप्लिकेशने आहेत. लिनक्सची आज्ञावली हाताखालून जाण्यासाठी ओव्हरदवायरचा ‘बँडिट’ हा खेळ, तर वेबसाठी पोर्टस्विगरची मोफत वेब सिक्युरिटी अकॅडमी उपयोगी पडते.

शिकण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. आधी नेटवर्क, मग लिनक्स, मग वेब आणि त्यानंतर साधने. एनमॅप हे १९९७ पासूनचे स्कॅनर याचे चांगले उदाहरण आहे. टीसीपी जोडणी तीन पायऱ्यांनी होते: एक यंत्र ‘सिन’ पाठवते, दुसरे ‘सिन-ॲक’ देते, पहिले ‘ॲक’ देऊन जोडणी पक्की करते. ‘सिन’ला ‘सिन-ॲक’ आले तर पोर्ट उघडे, ‘रीसेट’ आले तर बंद आणि काहीच आले नाही तर बहुधा मधे फायरवॉल आहे, असे एनमॅप ठरवते. एवढे समजल्यावर त्याच्या उत्तराचा अर्थ लागतो. ते न समजता चालवलेली आज्ञा स्क्रीनवर यादी आणते, पण त्या यादीतले काय धोक्याचे आहे हे सांगत नाही.

निकालाच्या पानावरील दोषालाही नाव आहे: प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी. ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा प्रमुख वेब-धोक्यांच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर आहे. सर्व्हर विद्यार्थ्याने लॉगिन केले आहे का, एवढेच पाहत होता. मागितलेली गुणपत्रिका त्याचीच आहे का, हे तपासत नव्हता. प्रत्येक विनंतीला ही दुसरी तपासणी सर्व्हरवर करणे, हाच त्यावरचा उपाय.

प्रत्यक्ष कामात परवानगी लेखी हवी. त्यात कोणते सर्व्हर आणि पत्ते तपासायचे, कोणते वगळायचे, तारखा व वेळा, निषिद्ध पद्धती, अडचण आल्यास कोणाला फोन करायचा आणि सही कोणाची, हे सारे स्पष्ट असावे. २०१९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात न्यायालयाच्या इमारतीची सुरक्षा तपासणाऱ्या दोन पेनटेस्टरांना अटक झाली. राज्याच्या न्यायव्यवस्थेशी झालेला करार त्यांच्याकडे होता, पण इमारत काउंटीची होती आणि तिथल्या शेरीफला त्याची कल्पना नव्हती. आरोप मागे घेतले गेले ते २०२० च्या जानेवारीत. कागद हवा आणि तो योग्य मालकाचा हवा, हे यातून घ्यायचे.

एखादा दोष सहज नजरेस पडलाच, तर पहिल्या पुराव्यावर थांबावे. माहिती उतरवून घेऊ नये, मित्रांना दाखवू नये, समाजमाध्यमांवर टाकू नये, पैसे मागू नयेत. काय दिसले, कोणत्या पानावर, कोणत्या वेळी, एवढे लिहून संबंधित संस्थेला कळवावे; दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनकडे कळवावे. बग बाउंटी, म्हणजे दोष कळवणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना, चालवणाऱ्या कंपन्यांची हद्द आधी वाचावी; यादीत नसलेला सर्व्हर परवानगीबाहेरचाच असतो.

प्रस्तुत लेखकाच्या प्रसंगानंतर महाविद्यालयात सगळी चर्चा स्क्रिप्टची झाली आणि मूळ दोष तसाच राहिला. पुढच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखांकडून लेखी परवानगी घेतली, मैत्रिणीच्या संमतीने फक्त तिचाच आसनक्रमांक वापरून तो दोष दाखवला आणि एक पानाचा अहवाल दिला. त्याच आठवड्यात पान दुरुस्त झाले.