वैमानिक व्हायचे आहे? आधी तपासणी, मग फी!

बारावीचा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात फिटनेसचे दाखले मागणाऱ्या मुलांची रांग लागते. पूर्वी ती पोलीस भरतीची किंवा सैन्य भरतीची असे. अलीकडे तीत एक नवी मागणी आली आहे. "डॉक्टरसाहेब, लेकराला पायलट व्हायचं आहे. एक फिटनेस लिहून द्या, ॲडमिशनला लागते." असे म्हणणारे पालक वसमतचे असतात, सेनगावचे असतात, कळमनुरीकडच्या खेड्यांतलेही असतात. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. जवळचा म्हणजे नांदेडचा. म्हणून आपल्या मुलांनी आकाशाकडे पाहूच नये असे थोडेच आहे? इच्छा चांगलीच आहे. पण या पालकांना मी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, माझ्या लेटरपॅडवरच्या दाखल्याला या कामी किंमत नाही. दुसरी, ठरलेली वैद्यकीय तपासणी होऊन मुलगा पात्र ठरेपर्यंत एक रुपयाही फी भरू नका.

असे सांगण्याचे कारण उघड आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास जातो, काही ठिकाणी त्याहूनही पुष्कळ पुढे. आपल्या भागात एवढी रक्कम उभी करायची म्हणजे जमीन विकणे किंवा गहाण टाकणे आले. जमीन गेल्यावर जर कळले की मुलाला लाल आणि हिरव्या रंगातला फरकच कळत नाही, तर त्या घराचे काय होईल, याचा वाचकांनीच विचार करावा. रंगदृष्टीची प्राथमिक चाचणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत होते.

परवाना कसा मिळतो?

भारतात तयार झालेला पहिला वैमानिक म्हणून जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला. आज परवाना देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, करते. त्याच्या पायऱ्या अशा आहेत. १६ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण असल्यास विद्यार्थी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. १७ व्या वर्षी खासगी परवाना, म्हणजे हौसेने विमान चालवण्याचा. त्यावर पगार घेता येत नाही. नोकरीसाठी लागतो तो व्यावसायिक परवाना. त्याला वय १८ पूर्ण हवे आणि २०० तासांचे उड्डाण हवे. या २०० तासांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून उडवावे लागतात. रात्रीचे उड्डाण, केवळ उपकरणांकडे पाहून करायचे उड्डाण आणि लांब पल्ल्याचा प्रवास हेही त्यात येते. शिवाय दिशाज्ञान, हवामानशास्त्र, विमानविषयक नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा असतात. रेडिओवरून बोलण्याची परीक्षा वेगळी.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे ही अट अनेक वर्षांची आहे. ती शिथिल करण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. तेव्हा प्रवेशाच्या वेळी ताजा नियम डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहावा, एजंटच्या तोंडावर विसंबू नये.

मुलींच्या पालकांना एक नाव सांगतो. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे कलकत्ता ते सिलचर हे विमान नेले, तेव्हा दोन्ही वैमानिक स्त्रिया होत्या. देशात असे प्रथमच घडले. परवान्याच्या नियमात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

तपासणीचे दोन वर्ग

वैद्यकीय तपासणीत मुख्यतः दोन वर्ग लक्षात ठेवावेत. वर्ग-२ ची तपासणी विद्यार्थी व खासगी परवान्यासाठी असते आणि ती डीजीसीएने नेमलेले डॉक्टर करतात. वर्ग-१ ची तपासणी व्यावसायिक परवान्यासाठी असून ती अधिक कडक असते. पहिल्या वेळेची वर्ग-१ तपासणी अनेक वर्षे बंगळूर, दिल्ली अशा ठिकाणच्या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांतच होत आली. आता मान्यताप्राप्त इतर केंद्रेही आहेत. त्यांची यादी डीजीसीएकडे मिळते.

वर्ग-२ मध्ये पास झालेला मुलगा वर्ग-१ मध्ये पास होईलच असे नाही. पुष्कळ पालक इथे फसतात. वर्ग-२ चा कागद हाती आला की सगळे झाले असे समजून फी भरतात आणि वर्ग-१ ला मुलगा अडकतो.

डोळे : चष्मा चालतो, रंग मात्र कळले पाहिजेत

"चष्मा आहे म्हणजे पायलट होता येत नाही" हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. हवाई दलाचे नियम वेगळे आणि कडक आहेत; नागरी परवान्याला चष्मा चालतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार वर्ग-१ साठी प्रत्येक डोळ्याची लांबची नजर चष्म्यासह ६/९ आणि दोन्ही डोळे मिळून ६/६ असावी लागते. उड्डाणाच्या वेळी जादा चष्मा जवळ ठेवावा लागतो. नंबर फार मोठा असेल तर पडद्याची तपासणी आवश्यक ठरते. नंबर घालवण्याचे लेसर ऑपरेशन करून घेण्याची घाई करू नये. त्यानंतर ठरावीक काळ थांबावे लागते आणि कागदपत्रे द्यावी लागतात. म्हणून आधी विचारावे, मग करावे.

रंगांधळेपणाची गोष्ट निराळी आहे. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. वैमानिकाला रंग कशाला लागतात? विमानाच्या डाव्या पंखाला लाल आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो. रात्री समोरचे विमान येते आहे की जाते आहे हे त्यावरून कळते. अनेक विमानतळांवर धावपट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर विमान योग्य उंचीवर; चारही लाल दिसले तर ते फार खाली आले आहे. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यावरून हिरवा किंवा लाल प्रकाश दाखवून उतरण्याची परवानगी दिली किंवा नाकारली जाते. इथे चूक झाली तर दुसरी संधी नाही.

ही चाचणी जपानचे नेत्रतज्ज्ञ डॉ. इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून होते. ठिपक्यांत दडलेला आकडा वाचायचा असतो. तो चुकला तर दिव्यांची किंवा अन्य पुढची चाचणी घेतली जाते. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला तो नसतो. म्हणून मुलाच्या आजोळी चौकशी करावी. मामाला किंवा आईच्या वडिलांना रंग ओळखण्यात अडचण असेल, तर मुलाची चाचणी अवश्य करा. ज्याला हा दोष असतो त्याला तो जाणवतही नाही, कारण जग त्याला पहिल्यापासून तसेच दिसत आलेले असते.

कान, नाक आणि घसा

विमान वर चढते तसा बाहेरचा दाब कमी होत जातो. साधारण १८ हजार फुटांवर तो जमिनीच्या निम्मा होतो. प्रवासी विमानात आतला दाब यंत्राने राखतात, तरीही तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतकाच असतो. कानाच्या पडद्यामागची हवा एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते. सर्दीत ही नळी सुजून बंद होते. मग विमान खाली येताना पडदा आत ओढला जातो, असह्य ठणका लागतो, कधी पडदा फाटतो. वैमानिकाने सर्दीत उड्डाण करू नये म्हणतात ते यासाठी.

आपल्याकडे कान वाहणारी मुले पुष्कळ. "लहानपणी वाहायचा, आता बरा आहे" असे सांगितले तरी पडद्याला भोक राहिलेले असू शकते. त्यावर उपचार आहेत, पण वेळ लागतो. ऐकण्याची क्षमताही यंत्रावर मोजतात. ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या आवाजांना ३५ डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीला कान लावून नाचणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

बाकी शरीर

रक्तदाब, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्त-लघवी या तपासण्यांतून जावे लागते. फेफरे येण्याचा इतिहास आणि इन्सुलिनवर असलेला मधुमेह या मोठ्या अडचणी आहेत. हर्निया, मूतखडा, वाढलेले वजन, कमी हिमोग्लोबिन अशांसाठी बहुधा "तात्पुरते अपात्र" असा शेरा येतो आणि उपचारानंतर फेरतपासणी होते. आपल्या भागातील मुलींत रक्त कमी असणे सर्रास आढळते. उंचीवर प्राणवायू मुळात कमी, त्यात तो वाहून नेणारे रक्तही कमी, असे दुहेरी नुकसान होते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याने काही महिने आधीच सुरू करता येतात.

दारू, औषधे आणि झोप

उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासाच्या चाचणीत प्रमाण शून्यच यावे लागते. पहिल्यांदा सापडल्यास तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे परवाना निलंबित होतो. तिसऱ्यांदा तो रद्द होतो. २०२३ मध्ये डीजीसीएने मद्यार्क असलेल्या माउथवॉशसारख्या वस्तूंवरही बंदी घातली. आपल्या घरात द्राक्षासव, कुमारी आसव यांसारखी औषधे सहज घेतली जातात. आसव-अरिष्टे आंबवून करतात आणि त्यांत नैसर्गिक मद्यार्क असतो. काही खोकल्याच्या औषधांतही तो असतो. सर्दीच्या गोळ्यांनी गुंगी येते ती वेगळीच. म्हणून दुकानदाराने दिली आणि घेतली, ही सवय वैमानिकाला सोडावी लागते.

झोपेचेही तसेच. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ माणसे गेली. मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि गाढ झोपेतून उठल्यावरची सुस्ती त्यांच्या निर्णयात उतरली असावी, असे चौकशीत नमूद झाले. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाने, ट्रक-ट्रॅव्हल्सच्या चालकांनीसुद्धा, यातून धडा घ्यावा.

आजार लपवू नका

"साहेब, लहानपणी दोनदा फेफरे आले होते, पण ते फॉर्मवर लिहायचे नाही ना?" असे मला विचारले जाते. माझे उत्तर ठरलेले आहे : लिहायचेच. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने विमान आल्प्स पर्वतावर आदळवले. १५० जण मेले. त्याला मानसिक आजार होता. कामावर जाऊ नये असे डॉक्टरांनी लिहून दिले होते, ते त्याने कंपनीला दाखवलेच नाही. लपवलेला आजार एकट्याचा राहत नाही. मानसिक उपचार घेतले म्हणजे दार कायमचे बंद झाले असेही नाही. प्रत्येकाचा स्वतंत्र विचार होतो.

पैसे भरण्यापूर्वीचा क्रम

१. आठवी-नववीतच नेत्रतज्ज्ञाकडून नंबर आणि रंगदृष्टी तपासून घ्या.
२. बारावीत असताना कानाचा ऑडिओग्राम, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब पाहून घ्या. दोष असेल तर उपचाराला वेळ मिळतो.
३. मग वर्ग-२ आणि त्यानंतर वर्ग-१ ची तपासणी पूर्ण करा.
४. "अपात्र" असा शेरा आला तर तो तात्पुरता की कायमचा हे नीट वाचा. फेरतपासणीची सोय असते.
५. यानंतरच संस्था निवडा. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळ बिरसी, नागपूर येथे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. मान्यता स्वतः तपासा. महाज्योतीने इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत योजना राबवली होती; अशा योजनांची चौकशी करा.
६. वर्ग-१ ची तपासणी पुढेही ठरावीक मुदतीने, साधारणतः दर वर्षी, द्यावी लागते. नोकरी टिकते ती शरीर टिकले तरच. तंबाखू-गुटखा आजच सोडा.

तपासणीत नापास झालेल्या मुलाला घरच्यांनी टोचून बोलू नये. रंगांधळेपणा हा त्याचा गुन्हा नव्हे. उडवण्याचीच हौस असेल तर शेतीफवारणीचे ड्रोन आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार १८ ते ६५ वयाच्या दहावी उत्तीर्ण व्यक्तीला प्रशिक्षण घेऊन त्याचे प्रमाणपत्र मिळते, आणि वर्ग-१ ची तपासणी तिथे लागत नाही. मात्र फवारणीचे औषध विषारीच असते. मास्क आणि हातमोजे तिथेही हवेत.

तेव्हा पालकहो, सातबारा घेऊन बँकेत जाण्यापूर्वी मुलाला घेऊन डोळ्यांच्या आणि कानाच्या डॉक्टरकडे जा. तिथे लागणारे काहीशे रुपये तुमचे पन्नास लाख वाचवू शकतात. मुलगा पात्र असेल तर त्याच दिवसापासून त्याला निश्चिंत मनाने अभ्यासाला लागता येईल.