नामानंतर कोणते प्रिपोझिशन?



नोकरीच्या सुरुवातीला मी रजेसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. त्यात 'रिक्वेस्ट ऑफ लीव्ह' असे शब्द होते. साहेबांनी तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला. त्यानंतर कित्येक दिवस मी इंग्रजीत एक ओळही लिहिली नाही. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा छोटासा पाठ.

चूक कोठे होते? आपण 'रजेची विनंती', 'पाण्याची मागणी', 'प्रश्नाचे उत्तर' असे म्हणतो. सगळीकडे षष्ठीचे चा-ची-चे. म्हणून आपण सगळीकडे 'ऑफ' घालतो. इंग्रजीत मात्र कोणते प्रिपोझिशन यायचे ते त्याच्या आधीचे नाम ठरवते. म्हणून रिक्वेस्ट फॉर लीव्ह, डिमांड फॉर वॉटर, पण आन्सर टू द क्वेश्चन.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

१) क्रियापदावर विसंबू नका. 'डिस्कस द मॅटर' यात प्रिपोझिशन नाही. नाम झाले की 'डिस्कशन ऑन द मॅटर'. काही ठिकाणी मात्र दोन्हींना एकच चालते : अप्लाय फॉर, ॲप्लिकेशन फॉर, डिपेंड ऑन, डिपेन्डन्स ऑन.

२) विशेषणावरही विसंबू नका. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फॉन्ड ऑफ, पण फॉन्डनेस फॉर.

३) प्रिपोझिशन बदलले की अर्थ बदलू शकतो. 'इंटरेस्ट ऑन डिपॉझिट' म्हणजे ठेवीवरील व्याज. 'इंटरेस्ट इन म्युझिक' म्हणजे संगीताची आवड. 'इन्क्रीज इन प्राइस' यात वाढ कशात झाली ते कळते; 'इन्क्रीज ऑफ टेन रुपीज' यात ती किती झाली ते कळते. 'कारण' या एका शब्दासाठीही दोन जोड्या आहेत : कॉज ऑफ द फायर, पण रीझन फॉर द डिले.

यावर उपाय एकच. वहीत नाम एकटे लिहू नका. प्रिपोझिशनसह जोडीने लिहा आणि पुढे स्वतःचे एक वाक्य करा. शब्दकोशात अर्थाखालची उदाहरणे वाचल्यास जोडी सापडते. रोज ५ जोड्या केल्या तर महिन्यात १५० होतात.

स्वाध्याय : लॅक — मनी, सोल्यूशन — द प्रॉब्लेम, नीड — एज्युकेशन. (उत्तरे : ऑफ, टू, फॉर.)

शेवटी एवढेच सांगतो, चुकेल म्हणून लिहिणे थांबवू नका. मी थांबलो, त्यात नुकसान माझेच झाले.