ब्रेकचे पेडल मऊ लागणे : दोषाची परीक्षा व दुरुस्ती

शिरूर व दौंड या तालुक्यांत शेतमालाची वाहतूक आता मुख्यतः मोटारवाहनांनी होते. केडगावच्या बाजारातील कांदा पुण्याच्या मार्केट यार्डात जातो, तसाच बोरघाट उतरून वाशीच्या बाजारातही पोहोचतो. गळिताच्या हंगामात शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या व बैलगाड्या यांची ये-जा असते, आणि पिकअप चालविणाऱ्यास वारंवार ब्रेक दाबावा लागतो. अशा वाहनाचे पेडल मऊ लागू लागल्यास तो दोष क्षुल्लक मानू नये. दोन-तीन वेळा पेडल मारल्यावर ब्रेक लागतो, एवढ्यावर समाधान मानून माल भरणे धोक्याचे आहे. कारण आणीबाणीच्या वेळी दुसऱ्यांदा पेडल मारण्यास अवधी मिळत नाही.

ब्रेकचे कार्य

पिकअप, जीप व मोटारकार यांचे ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतात. पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो आणि द्रवावरील दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही, म्हणून पेडल टणक लागते. हवा मात्र सहज दबते. नळीत हवा शिरली म्हणजे पायाचा जोर प्रथम ती हवा दाबण्यात खर्च होतो. विहिरीवरील पंपाने हवा धरली असता पाणी चढत नाही, हे शेतकऱ्यास ठाऊकच आहे. ब्रेकच्या नळीतही हवेचा उपद्रव तसाच होतो. मोठ्या मालमोटारींचे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक निराळे असल्याने त्यांस पुढील माहिती लागू पडत नाही.

दोष कसा ओळखावा

वाहन सपाट जागी उभे करून चाकांना दगड लावावेत व इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून पाहावे. इंजिन सुरू होताना दाबलेले पेडल किंचित खाली जाणे हा दोष नव्हे. त्यानंतर पुढील लक्षणे ध्यानात घ्यावीत.

१. पेडल स्पंजाप्रमाणे दबते व भराभर मारल्यास वर येते : नळ्यांत हवा शिरली आहे.

२. पेडल बरेच खाली जाते, पण तेथे टणक लागते : मागील ड्रममधील लायनर झिजले असावेत, अथवा लायनर व ड्रम यांतील अंतर वाढले असावे. अशा वेळी केवळ हवा काढून उपयोग होत नाही. अंतर जुळवावे किंवा लायनर बदलावेत.

३. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते : टाकीतील ब्रेक ऑइल कमी होत असल्यास बाहेर गळती आहे. चाकांच्या आतील बाजू, रबरी नळ्या व सांधे ओले आहेत काय, ते पाहावे. ऑइलची पातळी कायम असल्यास मास्टर सिलिंडरमधील रबरी वाट्या झिजल्या असण्याचा संभव अधिक असतो.

४. सपाटीवर ब्रेक चांगला, पण घाट उतरताना मऊ होतो : ब्रेक ऑइल तापून उकळले आहे व त्याची वाफ नळीत साठली आहे.

ब्रेक ऑइलची निगा

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे ते कमी उष्णतेस उकळते. डॉट-३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा सुमारे ३.७ टक्के झाल्यास तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट-४ प्रतीसाठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. म्हणून वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलावे व फोडून ठेवलेल्या डब्यातील जुने ऑइल वापरू नये. इंजिन ऑइल ब्रेकच्या टाकीत कदापि घालू नये, तसेच ब्रेकचे भाग रॉकेलने धुऊ नयेत. त्यामुळे रबरी भाग फुगून निकामी होतात. घाटात वाहन खालच्या गिअरमध्ये उतरवावे, म्हणजे ब्रेकवरील ताण कमी होतो. तरीही पेडल मऊ झाल्यास वाहन सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि पुढे ऑइल बदलून घ्यावे.

हवा काढण्याची रीत

गळती असल्यास ती प्रथम दुरुस्त करावी. अन्यथा हवा पुन्हा शिरते. या कामास दोन माणसे लागतात. इंजिन बंद ठेवून टाकी योग्य प्रतीच्या ऑइलने भरावी. बहुतेक वाहनांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागील डाव्या चाकापासून आरंभ करतात. मात्र पुस्तिकेत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. चाकाच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निप्पल थोडे सैल करून बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येऊ द्यावे. निप्पल घट्ट केल्यावरच पेडल सोडावे. बुडबुडे येणे थांबेपर्यंत ही क्रिया करावी आणि टाकी मध्येच रिकामी होणार नाही याची दक्षता घ्यावी. बाहेर काढलेले ऑइल पुन्हा वापरू नये. ते विषारी असल्याने मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे, तसेच विहीर वा ओढ्यात टाकू नये.

ज्या पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब ओझ्यानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्याविषयीची सूचना पुस्तिकेत पाहावी. एबीएस असलेल्या वाहनाची दुरुस्ती, तसेच मास्टर सिलिंडरचे काम, जाणत्या कारागिराकडूनच करवावे.

दुरुस्तीनंतरची तपासणी

इंजिन सुरू ठेवून पेडल एक मिनिट जोराने दाबून धरावे. ते खाली सरकू नये व कोठेही ओल दिसू नये. नंतर रिकामे वाहन मोकळ्या जागी मंद गतीने चालवून ब्रेक पाहावा. पहिल्याच दाबास पेडल टणक लागेल व वाहन एका बाजूस न ओढता थांबेल, तेव्हाच त्यात माल भरावा. बाजारभाव चांगला आहे म्हणून सदोष ब्रेकचे वाहन रस्त्यावर आणू नये. एक दिवस उशिराने कांदा पोहोचल्याचे नुकसान भरून निघू शकते, जीविताचे निघत नाही.