करकपात: सूट कीं तहकुबी?

महसुली दप्तरांत सूट म्हणजे सारा माफ. तहकुबी म्हणजे वसुली पुढील सालावर. कंपन्यांवरील करकपात जोखतांना शेतकरी बंधूंनीं हा भेद ध्यानांत धरावा.

२० सप्टेंबर २०१९ रोजीं भारत सरकारनें इतर सवलती सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा मूळ कर शेंकडा ३० वरून २२ केला. त्यामुळें सालीना १,४५,००० कोटी रुपयांचें उत्पन्न सुटेल, हा सरकारचाच अंदाज होता. हलक्या करानें कारखाने वाढून तूट भरेल, असा एक पक्ष आहे. परंतु उत्पन्न न वाढल्यास व खर्चहि न घटल्यास ती कर्जानेंच भरावी लागते. मग ती सूट नव्हे, तहकुबी. तीहि सव्याज, आणि वसुली पुढील पिढीच्या खात्यावर. यास्तव करकपातीची वार्ता वाचतांच कर्जाचा आंकडाहि पाहावा, असें आम्ही सुचवितों.