बर्फात जाण्याआधी फाईल उघडा

शॉन स्वॉर्नर या अमेरिकी गिर्यारोहकाला तेराव्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा झाला आणि सोळाव्या वर्षी आस्किन्स सार्कोमा. दुसऱ्या कॅन्सरच्या उपचारांत एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलं. २००२ मध्ये तो एव्हरेस्टवर पोचला, २०१७ मध्ये उत्तर ध्रुवावर. असली उदाहरणं ऐकून तरुण रुग्णांना हुरूप येतो आणि त्यांच्या डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. दोघांचंही बरोबर आहे.

कॅन्सरमधून उठलेल्या तरुणांना रानावनात नेण्याची कल्पना अमेरिकेत चांगली रुजली आहे. कयाकपटू ब्रॅड लडन याने २००१ मध्ये ‘फर्स्ट डिसेंट्स’ ही संस्था काढली, तेव्हा सुरुवात कयाकिंगपासून झाली. हिवाळी मोहीम मात्र वेगळीच परीक्षा घेते. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला बाउंड्री वॉटर्स हा हजारावर तळ्यांचा टापू आहे. थंडीत ही तळी गोठतात, पारा कधी उणे तीसच्याही खाली जातो आणि गट स्कीवर किंवा कुत्र्यांच्या स्लेजसोबत त्यांवरून प्रवास करतात.

पण गटानेच कशाला जायचं? पंधरा ते एकोणचाळीस या वयाचा रुग्ण वॉर्डात कुठेच बसत नाही. एकीकडे कार्टून रंगवलेल्या भिंती, दुसरीकडे आजोबांच्या खाटा. नोकरी टिकेल का, मूल होईल का, आपल्याकडे तर स्थळ आलं की आजार सांगायचा की नाही, हे प्रश्न त्याने विचारायचे कोणाला? तंबूत शेजारी झोपलेल्याच्याही छातीवर केमोसाठी बसवलेल्या पोर्टचा व्रण असला, की निम्मं बोलणं न बोलताच होतं. मुंबईत टाटा मेमोरियलने बालपणी कॅन्सर झालेल्यांसाठी १९९१ पासून ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ चालवलं आहे. उपचार संपल्यावरही पाठपुरावा लागतो, हे तिथे केव्हाच ओळखलं गेलं.

अशा हिवाळी मोहिमेला निघालेल्या मुलाला सरसकट ‘नको’ म्हणणारा डॉक्टर आळशी म्हणावा लागेल. ‘बरा झालास ना, मग जा’ म्हणणाराही तितकाच. नेमका प्रश्न असा, की कोणतं औषध, किती मात्रेत मिळालं? औषधाने शरीरातली जी जागा कमजोर केली, थंडी तीच बरोबर शोधते.

डॉक्सोरुबिसिनचं उदाहरण घ्या. लाल रंगाचं हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं आणि ती कित्येक वर्षांनी उघडकीस येते. एकूण मात्रा दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा जास्त झाली असेल, किंवा छातीवर रेडिएशन झालं असेल, तर ताजा इको काढल्याशिवाय स्लेज ओढायला जाऊ नये. ब्लिओमायसिनचा धोका फुप्फुसांना. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये वृषणाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी फुप्फुसं वाचावीत म्हणून पुढच्या फेऱ्यांत हे औषध टाळून दुसरा संच निवडला. ब्लिओमायसिन आणि सिसप्लॅटिन घेतलेल्या काहींची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात. त्यांनी पातळ हातमोज्यांवर जाड मिटन्स घालावेत.

सगळ्यात फसवे पाय. विनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन यांनी नसा बधिर झाल्या असतील, तर बोट गोठायला लागलं तरी कळत नाही. म्हणून जोडीदार ठरलेला हवा. दर मुक्कामाला एकाने दुसऱ्याचे मोजे उतरवून बोटांचा रंग पाहायचा. त्वचा नुसतीच गार आणि फिकी असेल, तर पाय जोडीदाराच्या उघड्या पोटावर ठेवून ऊब द्यायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण हिवाळी शिबिरांतली ही नेहमीची रीत आहे. बोटं चोळू नयेत. शेकोटीजवळ तर नेऊच नयेत. बधिर पायाला भाजलेलंही समजत नाही. आणि त्वचा मेणासारखी कडक झाली असेल, तर पोटावर ऊब देत बसू नये, म्होरक्याला लगेच सांगावं.

काखेतल्या गाठी काढलेल्यांनी हात सुजू नये म्हणून पाठीवरच्या सॅकऐवजी कमरेच्या पट्ट्याने ओढायची छोटी घसरगाडी मागून घ्यावी. मानेवर रेडिएशन झालेल्यांनी थायरॉइड तपासून घ्यावा, कारण तो मंदावला की थंडी अधिकच बोचते. प्लीहा काढली असेल तर ताप आला की थांबायचं नाही, थेट रुग्णालय. रुग्णालय किती तासांवर आहे, हे निघण्याआधी विचारून ठेवावं.

हे सगळं मिनेसोटापुरतं नाही. पुण्या-मुंबईची मुलं हिवाळ्यात हिमालयातल्या केदारकंठाला जातात, तिथे ३,८१० मीटर उंचीवरच्या विरळ हवेची भर पडते. फॉर्मवरच्या ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यात कॅन्सर लिहायला लाजू नये. औषधांची नावं आणि मात्रा लिहिलेलं उपचारांचं एकपानी टिपण म्होरक्याकडे द्यावं, एक स्वतःजवळ ठेवावं. द्रवरूप औषधं सॅकमध्ये गोठतात, ती अंगालगतच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावीत.